भाचीचा डावा डोळा

माझ्या पाच वर्षांच्या भाचीचा डावा डोळा नाकाकडे वळलेला होता, आणि अड्याळमध्ये त्या डोळ्याला मागणी होती. मागणी हाच शब्द बरोबर. तिरळी नजर भाग्याची, त्यात डावा डोळा, त्यात मुलीचा. एवढं एका पोरीत जमल्यावर लोक सोडतात होय? कोणी रोवणीआधी धानाच्या रोपांचे पऱ्हे दाखवायला तिला बांधावर नेई, कोणी पोलीस भरतीचा अर्ज तिच्यापुढे धरी. एका बाईनं तर अंड्यांवर बसलेली कोंबडी टोपलीसकट आणली. भाचीनं कोंबडीकडे पाहिलं, कोंबडीनं भाचीकडे पाहिलं, बाई समाधानानं गेली.

मी तेव्हा अंधश्रद्धेविरुद्ध पत्रकं लिहीत होते. तिरळेपणा हे भाग्य नव्हे, आजार आहे, असं ठळक अक्षरांत छापून पवनी-लाखनीच्या बाजारात वाटत होते. बहिणीच्या घरात मात्र माझं कोणी ऐकत नव्हतं. लाज वाटायलाच हवी, वाटतही होती.

शेवटी मीच भाचीला नागपूरला लहान मुलांच्या डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं. त्यांनी एकेक डोळा झाकून चित्रं दाखवली. उजव्यानं तिनं मासोळी, छत्री, घर धडाधड सांगितलं. डाव्यानं सर्वांत मोठी छत्रीसुद्धा ओळखता येईना.

"हा डोळा आळशी झालाय," बाई म्हणाल्या. "मेंदूनं त्याच्याकडून काम घेणंच सोडलंय. चष्मा दिवसभर. रोज दोन तास चांगल्या डोळ्यावर पट्टी, आणि तेव्हा बारीक काम द्या. सात-आठ वर्षांची झाली की सुधारणं फार कठीण."

गावाला दोन्ही गोष्टी नापसंत. चष्म्यानं डोळा बराच सरळ दिसे, म्हणजे भाग्य बंद! आणि पट्टी म्हणजे अपशकुनच. कोणी आलं की बहीण चष्मा डब्यात ठेवी, पट्टी सोलून दाराच्या चौकटीला चिकटवी. चौकटीवर अकरा पट्ट्या मी स्वतः मोजल्या.

"काहून काढतं वो?" मी विचारलं.

"लोकं दारात येऊन उभे राहतेत, त्याइले नाई कसं म्हणू? अन् पोट्टी पट्टीनं रडते."

तीन महिन्यांनी नागपूरला पुन्हा तपासलं, तर डाव्या डोळ्याला छत्री दिसली नाही ती नाहीच. परतीच्या बसमध्ये मी भांडायला माणूस शोधत होते. घरी पोचले तर ओट्यावर तिघं वाट पाहत बसलेले, आणि बहीण चष्मा काढायला पुढे झाली. माझं डोकंच फिरलं.

"काढू नको! एक डोळा भाग्याचा, एक साधा. दोन्हीनं पाहिलं त अर्धंच भाग्य लागते. साधा झाकला, अन् भाग्याच्या डोळ्यानं काचेतून पाहिलं, तरच पुरं लागते!"

हे मी बोलले. पत्रकं लिहिणारी मी! तिघांनी मान डोलावली. इतक्या मनापासून माझं म्हणणं गावानं कधी ऐकलं नव्हतं.

मग गावच पहाऱ्यावर बसलं. "पट्टी कुठं हाये? आमाले अर्धं नाई पायजे!" बारीक काम हवं म्हणून मी आणखी ठोकून दिलं की आधी तिनं मूठभर तांदूळ निवडले पाहिजेत. लोक घरून तांदूळ आणू लागले, मुद्दाम खडे असलेले. भाची रडेनाशी झाली. खडा सापडला की त्याला नाव देऊन ओळीत लावी. मी कोपऱ्यात बसून दोन तासांवर नजर ठेवी आणि स्वतःला शिव्या देई. सगळ्या गावाला हळूहळू शहाणं करायला माझ्याकडे वेळ होता. तिच्या डोळ्याकडे नव्हता.

दिवाळीनंतर शेजारच्या काकाजींनी नवी मोटारसायकल अंगणात आणून उभी केली. भाचीला पट्टी, चष्मा, सगळं साग्रसंगीत. ती गाडीभोवती फिरली, टाकीपाशी वाकली.

"काकाजी, इथं खरचटलं हाये."

काकाजींनी पाहिलं. त्यांना दिसेना. मला दिसेना. भाचीनं बोट टेकवलं तेव्हा कुठं केसाएवढा ओरखडा सापडला.

"बापा बापा!" काकाजी ओरडले. "आता त भाग्य दुप्पट झालं!"

"भाग्य नाही वो काकाजी," माझा आवाज चढला, आणि डोळे भरले तेही मला आवरेनात. "दिसलं तिला! त्या डोळ्यानं दिसलं!"

"तेच त म्हणतो ना मी," काकाजी म्हणाले, आणि दुकानदाराशी भांडायला गाडी वळवू लागले. भाचीनं त्यांना थांबवलं. मागच्या चाकाकडचं पाहायचं राहिलं होतं.