चोवीस मिनिटांचं वाडगं

दत्तू जोशी गेल्याची बातमी मला अंबडच्या मोटारीच्या कंडक्टरनं दिली. तिकीट फाडता फाडता म्हणाला, "तुमचे जोशीबुवा गेले की हो काल." मी विचारलं, "कुठं, मंठ्याला का?" त्यानं डोक्यावरची टोपी काढली... आणि मला कळलं. एरवी गप्पांनी मोटार भरणारा मी जालन्यापासून अंबडपर्यंत एक शब्द बोललो नाही. गाडीतल्या ओळखीच्या लोकांना वाटलं, मीच गेलो.

त्याला आता महिना झाला. दत्तू माझा शेजारी, एका पाटीवर धुळाक्षरं गिरवलेला. त्याच्या घरी तीन पिढ्यांचं तांब्याचं वाडगं होतं, तळाला मोहरीएवढं भोक. पाण्याच्या घंगाळात सोडलं की भोकातून पाणी चढायचं आणि वाडगं बुडायचं. एक बुडी म्हणजे एक घटका, चोवीस मिनिटं. गावातल्या लग्नांचे मुहूर्त त्यावर, पोरांच्या जन्मवेळा त्यावर. चिंच लावून घरचे ते असं लखलखवायचे की तहसीलदारानं त्यात पाहून दाढी करावी. मात्र भोकाला सुई लावायची नाही, हा दत्तूच्या आजोबांचा दंडक. भोक मोठं झालं तर घटका लहान होईल, ही धास्ती. आणि आमच्या विहिरींचं पाणी तर असं खारट की त्यात भिजलेलं धोतर उभं राहतं!

माझी धाकटी बहीण कुसुम जन्मली तेव्हा दत्तूचे वडील सूर्योदयापासून आमच्या ओसरीवर वाडगं सोडून बसले होते. अठराव्या बुडीला ती रडली. त्या वेळेवरून मांडलेल्या कुंडलीत शनी आणि मंगळ एका घरात आले, तेही सातव्या, जोडीदाराच्या. अशा युतीचा अर्थ सगळे एकच लावायचे: नवरा जगायचा नाही. त्यापायी दोन स्थळं परत गेल्ती. मुलगी मॅट्रिक झालेली, विशी गाठलेली. आई तिच्याकडे बघायची ते हंबरडा गिळूनच.

निजामाचं राज्य जाऊन सहा-सात वर्षं झाली असतील. मंठ्याहून तिसरं स्थळ आलं. मुलाचे वडील, आबा, असे की अंबडात खोकले तर मंठ्यात बैल बुजावेत. मुलगी पसंत पडली. पत्रिका दत्तूपुढं ठेवली; वडिलांमागं जोशीपण त्याच्याकडंच आलं होतं. त्यानं नुसती पाहिली, वाचली नाही. पाठच होती त्याला. खाली मान घालून म्हणाला, "सप्तमात शनी-मंगळ."

आबा उठलेच. "माझं एकुलतं पोरगं हाय, जोशीबुवा. मंग कशाला बोलावलं? तीनची मोटार गाठतो."

तेवढ्यात दारातून कुसुम म्हणाली, "दत्तूदादा, ते वाडगं एकदा घड्याळाशी लावून बघा की."

आबा वळले. "पोरगी बोलती की! कुणाचं घड्याळ?"

"माझं," मी म्हणालो.

"तुमचं? राजूरला जाताना लांडग्यानं वाट दाखवली म्हणून सांगत फिरता, ते तुम्हीच ना? तुमचं घड्याळ बी तसलंच असंल!"

ओसरीवरची माणसं हसली. हसला नाही तो दत्तू. उठला, घरी गेला, वाडगं घेऊन आला. घंगाळ मांडलं. सोडण्याआधी त्यानं वाडग्याला नमस्कार केला आणि माझं घड्याळ मागून आबांच्याच हातात दिलं. "तुम्हीच बघा."

मी आयुष्यात पुष्कळ लढाया सांगितल्या, पण तशी एकही पाहिली नाही. पंधरा मिनिटं. वीस. पाणी काठाकडं चढतंय, आईच्या ओठांवर रामनाम, दत्तूच्या कपाळावरून घामाची धार. चोवीस झाली. वाडगं तरंगतच होतं. पंचवीस... तिकडून मोटारीचा भोंगा वाजला, कुणी हललं नाही. सत्तावीसला वाडगं बुडालं.

दत्तूनं ते उचललं, भोक उजेडाला धरलं. कडेला पांढरा क्षार चढला होता.

आबा काही भोळे नव्हते. "आज बुजलं असंल. पोरगी जन्मली तवा बुजलं व्हतं कशावरून?"

इथं दत्तूला नुसतं 'कुणास ठाऊक' म्हणता आलं असतं. घराण्याचा धंदा वाचला असता, वडिलांचं नाव वाचलं असतं. त्यानं वाडगं घंगाळाच्या काठाशी ठेवलं. मग म्हणाला, "तहसिलीची घंटा अन् आमचं वाडगं कधी जुळलंच न्हाई. वडील म्हणायचे, निजामाची घंटा उतावळी. मी ल्हानपणापासून ऐकून राह्यलो. घंटा बराबर व्हती, आबा. आमचंच मागं व्हतं." आणि कुसुमकडं न पाहता, "मला शंका व्हती. दोन स्थळं गेली, मी गप बसलो."

आबांनी घड्याळ मला परत दिलं. पटका काढून मांडीवर ठेवला. "मोटार गेली आता. पत्रिका पुन्हा मांडा."

दत्तूनं मांडली. अठरा बुड्यांत जवळजवळ तासाचा फरक. लग्नरास, म्हणजे जन्माच्या वेळी उगवणारी रास, पुढं सरकली आणि तेच शनी-मंगळ सातव्या घरातून सहाव्यात गेले. सहाव्यात असली जोडी शत्रूला खाते, नवऱ्याला नाही. कुसुम मंठ्याला नांदते आहे. जावईबापू असे ठणठणीत की गाडीचा बैल दमला तर स्वतःला जुंपून घेतील.

दत्तूचं मात्र अर्धं गाव तुटलं. ज्याच्या वडिलांचा काळच मागं, त्याच्याकडं कोण जातो? तो स्वतःच गावोगाव हिंडला, वडिलांनी मांडलेल्या पत्रिका मागून घेऊन पुन्हा मांडत. काहींनी दारातून हाकललं.

परवा त्याचा मुलगा वाडगं आणून देऊन गेला. "बाबांनी तुम्हाला द्या म्हणून सांगितल्तं." फडक्यात गुंडाळलेलं, फडक्याच्या कोपऱ्यात एक सुई टोचलेली, टोक झिजलेलं.

मी घंगाळ भरलं. घड्याळ समोर ठेवलं. वाडगं सोडलं आणि बसलो...

चोवीस मिनिटं लागली. माझं बोलणं लोक निम्मं करून घेतात, मला ठाऊक आहे. हे करू नका.