सगळे धर्म एकच सांगत नाहीत

सुनंदाचा फोन आला तेव्हा मी सांगलीच्या मंडईत होतो. "सर, तात्या गेले. आंघोळ करून खुर्चीत बसले, ते उठलेच नाहीत," एवढंच ती म्हणाली. आवाज शांत होता. ती परिचारिका आहे, मरणाची बातमी कशी द्यायची ते तिला कामानं शिकवलंय. तिच्या वडिलांनी तर उभ्या नोकरीत तेच काम केलं होतं.

तिचे वडील जयसिंगराव सैन्यात धर्मगुरू होते. पलटणीत त्यांना पंडितजी म्हणत आणि निवृत्त होऊन मेढ्याजवळच्या आपल्या गावी आल्यावरही तेच नाव राहिलं. भातशेती करणाऱ्या घरातला मुलगा संस्कृत शिकतो आणि बंदूक हातात न घेता सैन्यात जातो, याचं गावाला बरीच वर्षं नवल वाटे. मी तेव्हा सांगलीच्या एका महाविद्यालयात तत्त्वज्ञान शिकवत होतो. धर्मांच्या तुलनेवर मुलांशी कुणीतरी बोलावं म्हणून एका जुन्या विद्यार्थ्यानं त्यांचं नाव सुचवलं. आमच्या प्राचार्यांनी प्रास्ताविकात नेहमीचं वाक्य टाकलं, की सगळ्या धर्मांची शिकवण शेवटी एकच आहे. पंडितजी उठले, हात जोडले आणि म्हणाले, "साहेबांची माफी मागून सांगतो, एक नाही."

मुलं सावरून बसली. मग त्यांनी जे सांगितलं ते माझ्या कुठल्याच टिपणात नव्हतं. पलटणीत सगळ्या धर्मांचे जवान. एखादा गेला की त्याच्या घरी कुणीतरी जायचं, आणि ते बहुतेक वेळा यांच्याच वाट्याला यायचं. हिंदू आईला सांगायचं की शरीर गेलं, आत्मा गेला नाही, तो पुढच्या जन्माला निघाला. मुसलमान बापाला हे सांगून चालत नाही. त्याच्या लेखी जन्म एकच, ज्यानं दिला त्यानं परत नेला, आणि हिशेब शेवटच्या दिवशी. ख्रिस्ती बायकोला आशा असते ती पुन्हा उठण्याची, आपल्या माणसाला त्याच चेहऱ्यानं भेटण्याची. शीख घरात त्याच्या हुकमापुढे मान तुकवतात, तिथं 'असं का झालं' म्हणत बसायचं नाही. आणि लडाखच्या बौद्ध म्हातारीनं तर यांनाच गप्प केलं होतं. मृताजवळ मोठ्यानं रडू नका, जाणाऱ्याचं मन अडकतं, म्हणाली. तिच्या धर्मात कायमचा टिकणारा आत्मा नाही आणि जग निर्माण करणारा देवही नाही, तरी पुढचा जन्म आहे. "आता हे सगळं एक कसं म्हणायचं?" पंडितजींनी विचारलं. "सगळे धर्म एकच सांगतात असं म्हणणारा माणूस कुणाच्या घरी सांत्वनाला गेलेला नसतो. शेजारधर्म पाळा, खोटं बोलू नका, भुकेल्याला घाला... इथं सगळे जवळ येतात. पण माणूस मेल्यावर जातो कुठं, हे विचारलं की वाटा फुटतात. त्या फुटू द्याव्यात."

त्यानंतर आमचं येणं-जाणं सुरू झालं. ते साताऱ्याहून एसटीनं येत, जेवत आणि वाद घालत. मी देव मानत नाही, हे त्यांना ठाऊक होतं. त्याचं त्यांना वाईट वाटत नसे, फक्त माझ्या घरी दुःख झालं तर काय बोलायचं, हे ते अधूनमधून विचारून ठेवत.

मग सुनंदानं लग्न केलं. मिरजेत तिच्यासोबत काम करणारा मुलगा, ख्रिस्ती. लग्नाआधी तिनं बाप्तिस्मा घेतला आणि तो मुलासाठी नव्हे, मला पटलं म्हणून घेतला, असं घरी स्पष्ट सांगितलं. तिचा थोरला भाऊ विक्रम शेती बघतो. त्यानं तिच्याशी बोलणं सोडलं, तिच्या घरी कधी पाणी प्यायला नाही. पंडितजी माझ्याकडे आले ते उन्हातान्हाचे. पंखा लावला, पाणी दिलं. मला वाटलं, गावात मान खाली गेली याचं दुःख असेल. पण ते म्हणाले, "सर, लोकांचं सोडा. माझा हिशेब जुळंना. तिच्या धर्मात ती पुन्हा जन्माला येनार न्हाई. माझ्यात मी येनार. मग मेल्यावर आमची गाठ पडायची कुठं?"

मी हसणार होतो. त्यांचा चेहरा पाहिला आणि थांबलो. हा माणूस दुसऱ्याच्या श्रद्धा इतक्या खऱ्या मानत आला होता, की आता मुलीचीही खरी मानावी लागत होती.

पुढे वहिनी, म्हणजे पंडितजींच्या पत्नी, आजारी पडल्या. शेवटचे महिने सुनंदानं त्यांना मिरजेला आपल्या घरी नेलं, सगळं केलं. वहिनी गेल्या, आणि दहाव्याला वेण्णेच्या काठी आम्ही जमलो. सुनंदा जरा लांब उभी होती. पंडितजींनी 'सुने, ये' म्हणत तिला पुढं बोलावलं तसा विक्रम म्हणाला, "ती नको पुढं. तिनं आपलं सोडलंय." पिंड ठेवला होता. झाडावर कावळे होते, खाली येत नव्हते. विक्रम हात जोडून सांगू लागला, "आई, म्हस सांभाळतो, तात्यांना सांभाळतो..." कावळा हलला नाही. तेव्हा पंडितजी पुढं झाले. पिंडाकडे बघत खणखणीत आवाजात म्हणाले, "ऐक गं. सुनीला ह्या घराचं दार बंद न्हाई व्हनार. मी हाय तवर, आन् माझ्यामागंबी."

तरीही कावळा आला नाही. उन्हं चढली, शेवटी गुरुजींनी दर्भाचा कावळा करून विधी उरकला. परतताना पंडितजी माझ्या कानाशी म्हणाले, "कावळ्याला पटलं न्हाई बगा सर. पन मी बोलून बसलोय, आता पाळाया लागंल." त्या दिवशी ते पहिल्यांदा हसले.

त्यांनी ते पाळलं. सुनंदा दर रविवारी चर्चमधून थेट एसटी धरून येऊ लागली. बापलेक ओसरीवर बसून भांडत. कर्माचं फळ ज्याचं त्यानं भोगायचं, हे ते सोडत नसत. क्षमा मागितली तर मिळते, हे ती सोडत नसे. विक्रम त्या वेळी रानात जाई. 'माझ्यामागंबी' या शब्दाचं काय होणार, हे आम्ही कुणी बोललो नाही, पण मनात सगळ्यांच्याच होतं.

पंडितजींना अग्नी विक्रमनं दिला. सुनंदा बाजूला उभी राहून ओठातल्या ओठात प्रार्थना करत होती. कुणी हरकत घेतली नाही, कुणी तिच्याजवळही गेलं नाही.

मध्यंतरी एका रविवारी मी त्यांच्या गावी गेलो. ओसरीवर विक्रम एकटा होता. थोडं इकडचं तिकडचं झालं. मग तो म्हणाला, "तात्यांनी चांगल्या घरी जनम घ्येतला आसंल, न्हाई का?" मी 'हो' म्हणालो. तेवढ्यात फाटकातून सुनंदा आली. पायरीशीच थांबली. आत जावं की तिथूनच मागं फिरावं, हे तिला ठरवता येत नव्हतं, असं मला वाटलं. विक्रमनं तिच्याकडे पाहिलं नाही. तो उठला, खुंटीला अडकवलेला एक पोचे पडलेला पत्र्याचा मग काढला. पंडितजी पलटणीतून घेऊन आले होते तो, चहा त्यांना त्यातच लागे. तो मग बहिणीपुढं धरत विक्रम म्हणाला, "सुने, च्या टाक. सरांना साखर कमी घाल. मला ह्यात दे."

तो मग घेऊन ती आत गेली. जरा वेळानं स्टोव्हचा आवाज येऊ लागला.