भिलाईच्या भिंतीवरचे पांढरे डाग

कुसुमताईला माहेरी आणायचं, असं आईने परस्पर ठरवलं. ताईला पाचवा महिना, आणि आधीचं बाळ हिवतापात पोटातच गेलेलं. त्यात ताई राहायची त्या भिलाईत कारखान्यासाठी खणलेल्या खड्ड्यांत पाणी अन् पाण्यावर मच्छर, असं आईच्या कानावर आलेलं. आई निघाली म्हणजे अर्धं घर निघालं: तांदळाचं गाठोडं, चिवड्याचा डबा आणि नुकतीच मॅट्रिक झालेली मी.

गोंदियाहून पॅसेंजरने दुर्ग. कधी गेलात तर खिडकी धरा, डोंगरगडची टेकडी सुरेख दिसते. पुढे ट्रकमधून धूळ खात भिलाईची कामगारवस्ती, कॅम्प-१. ताईचं घर मातीचं, पाण्याचा ड्रम फडक्याने बांधलेला. तिने तांदळाच्या पिठाचे गरम चिले अन् टमाट्याची चटणी वाढली. मी किती खाल्ले ते विचारू नका.

भाऊजी म्हणाले, "मलेरियावाले परवाच डीडीटी मारून गेले. मच्छर भिंतीवर बसला का मेला. हिले कावून नेता जी?"

आईला पटलं होतं, पण जावयासमोर कबूल कोण करतो!

सकाळी भाऊजी ड्युटीवर गेले, आम्ही बहिणी बाजारात. परतलो तर चारी भिंती शेणामातीने सारवलेल्या.

"पोळा तोंडावर, अन् भिंतीवर पांढरे डाग? पोरीच्यानं होत नाही, म्हणून मीच सारवून टाकलं."

भाऊजी आल्यावर एवढंच म्हणाले, "आई, ते पांढरे डाग म्हणजेच औषध. शेणाखाली गेलं." ते रागावले नाहीत, तेच आईला जास्त झोंबलं.

ती तशीच शेजारी धावली. तिथली छत्तीसगढी बाई सारवायला शेणच कालवून राहिली होती.

"नको सारवू, बाई, भिंतीवरचं औषध जाते. माझ्या पोरीले तुझ्या घरी झोपू दे."

बाईने बादली बाजूला सारली आणि खाट झटकली. पुन्हा फवारणी होईपर्यंत ताई तिथेच झोपली, वर मच्छरदाणी. दिवसभर आई गल्लीतल्या बायकांना पोळ्याचं सारवण करू देईना. भाऊजी म्हणायचे, सासूबाईंना मलेरियावाल्यांत नोकरी लावतो.

ताईला भिलाईतच ठेवून आम्ही परतलो.

पुढच्या पोळ्याच्या आधी आमच्या गल्लीतही फवारणी झाली. आईच्या सारवणाला गोंदियात तोड नव्हती. काकूने दारातूनच टोमणा मारला, "यंदा सणाले भिंती अशाच ठेवतेस का?"

"राहू दे," आई पाळण्याची दोरी आढ्याला बांधत म्हणाली. "कुसुम लेकीले घेऊन येऊन राहिली."