साहेबांना दिलेलं राज्य

साहेबांना मी पहिल्यांदा हरवलं तेव्हा त्यांना मी बुटकं, भित्रं आणि लोभी केलं होतं. हा कॉम्प्युटरवरचा खेळ होता. मध्ययुगातले राजे, किल्ले, वेढे, सोयरिकी, फितुरी, सगळं त्यात आहे. मुलगी पुण्याला शिकायला गेली आणि तिचा कॉम्प्युटर मस्कतमधल्या बौशरच्या आमच्या फ्लॅटमध्ये मागे राहिला, त्यावर तो होता. शेजारच्या राज्याचा राजा कसा असावा हे त्यात आपल्याला ठरवता येतं. मी बारीक मिशी निवडली, टक्कल निवडलं आणि नावाच्या रकान्यात ‘साहेब’ असं लिहिलं.

खरे साहेब आमच्यापासून दोन सिग्नल पलीकडे राहत होते. इमारती आणि बागांचे आराखडे करणारं आमचं ऑफिस होतं. मी तिथे ड्रॉइंग करायचे आणि ते माझे वरिष्ठ होते. ऑफिसात मला ‘मॅडम’ म्हणायचे, आमच्याकडे थालीपीठ खायला आले की ‘वहिनी’. खाबुऱ्याला एका शेतावर आमच्या अर्बाबच्या, म्हणजे मालकाच्या, मामाचं घर बांधायचं काम चालू होतं. अंगणातल्या फरशीचा ढाळ घराकडे येतोय हे माझ्या लक्षात आलं. मी साहेबांना सांगितलं. मग साइटवर उभं राहून, हाताने दाखवून पुन्हा सांगितलं. ते म्हणाले, “अहो मॅडम, इथे पाऊस पडतो कुठे? चला, यल्ला, मस्कत गाठायचंय.”

त्या हिवाळ्यात पाऊस पडला. कोरड्या वाद्या, म्हणजे एरवी सुकलेले ओढे, वाहू लागल्या, रस्ते बंद झाले, आणि अंगणातलं सगळं पाणी सरळ त्या घराच्या मजलिसमध्ये शिरलं. पाहुण्यांच्या बैठकीतले गालिचे चिखलात गेले. अर्बाबने आम्हा दोघांना बोलावून घेतलं. त्याला हिंदी चांगली समजायची. साहेबांनी माझ्याकडे न बघता हात तेवढा केला. “इसने किया. मुझे किसीने कुछ बताया ही नहीं.”

मॅडम नाही, वहिनी नाही. ‘इसने’.

अर्बाब आरडाओरडा करणारा माणूस नव्हता. तो एवढंच म्हणाला, “खलास.” माझी नोकरी गेली.

नवरा दूर सूर नावाच्या गावी कामाला होता, गुरुवारी संध्याकाळी घरी यायचा. सगळं ऐकून तो म्हणाला, “मी बोलू का त्यांच्याशी?” मी नको म्हणाले. मला बोलणं नको होतं. मला त्यांचं काहीतरी मोडायला हवं होतं. काय, ते कळत नव्हतं.

खेळात ते कळलं. सुरुवातीला मी धडपडले, मुलीला फोन करून करून शिकले. पण महिनाभरात माझा हात बसला आणि मी साहेबांचे किल्ले एकामागून एक घेऊ लागले. सकाळची भांडी झाली की बसायचं आणि दुपारच्या जेवणाआधी त्यांची राजधानी जाळायची. पहिल्या वेळी मी खुर्चीतून उठून टाळी वाजवली होती. पुढे पुढे राजधानी जळत असताना मी गवार मोडायला घेऊ लागले.

इथेच पंचाईत झाली. माझा राग होता तेवढाच होता, पण सूड बेचव झाला होता. दारापर्यंत यायच्या आत लोळणाऱ्या माणसाला हरवून काय मिळवायचं?

मुलगी म्हणाली, “आई, डिफिकल्टी वाढव ना. सेटिंगमध्ये आहे.” मी ती वाढवली, अगदी वरच्या टोकाला नेली. त्याने एवढंच झालं की साहेबांना कुठून कुठून सैन्य आणि सोनं मिळू लागलं. अक्कल होती तेवढीच राहिली. त्यांचं सैन्य नदी ओलांडताना तुकड्या तुकड्यांनी यायचं आणि मी काठावर उभी राहून तुकड्या तुकड्यांनी कापायचे. अवघड काहीच झालं नव्हतं, कापायचं काम तेवढं वाढलं होतं.

मग मी स्वतःवरच बंधनं घातली. खेळ मधेच साठवून ठेवता येतो, आणि हरलं की मागे जाऊन ती चाल बदलता येते. ते मी बंद केलं. हरलेला किल्ला हरलेलाच राहणार. भाडोत्री सैनिक घ्यायचे नाहीत. माझा राजा मेला की गादीवर थोरलाच बसणार, तो कितीही मंद निघाला तरी. हुशार धाकट्यासाठी थोरल्याला विष घालायचं नाही. आणि सुरुवात करायची ती नकाशाच्या कोपऱ्यातल्या खडकाळ जहागिरीतून. तिथे शेळ्यांशिवाय काही पिकत नव्हतं. नद्यांकाठची सगळी काळी जमीन मी साहेबांना देऊन टाकली.

तरीही मी जिंकत होते. आधीपेक्षा घाम गाळून, पण जिंकत होते.

एका सकाळी माझ्या ध्यानात आलं की चूक साहेबांच्या स्वभावात आहे. मी त्यांना भित्रं केलं होतं, आणि खरे साहेब भित्रे नव्हते. लोभीही नव्हते. मग कसे होते? मी चहा घेऊन बसले आणि प्रामाणिकपणे विचार केला. गोड बोलणारे. चिकाटीचे. माणसाची नस एका भेटीत ओळखणारे. हाताखालचे लोक त्यांच्यावर जीव टाकायचे. मीही त्यातलीच होते. मी एकेक गुण त्यांच्या राजाला दिला. प्रत्येक गुण देताना अंगावर काटा येत होता. पण देऊन टाकला.

“तू त्याला एवढं स्ट्राँग का केलंस?” मुलीने फोनवर विचारलं. “मग तू हरशील ना.”

“हरू दे,” मी म्हटलं. “पण तो खराखुरा त्यांच्यासारखा पाहिजे.”

तो राजा थोडा भारी पडला. पण शेवटी तो कॉम्प्युटर होता. तह मोडायच्या आधी त्याचं सैन्य सीमेवर जमायचं, ते मला नकाशावर दिसायचं. खऱ्या साहेबांचं असं काही दिसलं नव्हतं.

मराठी मंडळाच्या दिवाळी फराळाला ते भेटले. नोकरी गेल्यावर त्यांच्यासमोर जायची ती माझी पहिलीच वेळ. ते चार लोकांत उभे राहून चकली खात सांगत होते की हल्ली ते कॉम्प्युटरवर राज्य करतात, जावयाने शिकवलंय. खेळाचं नाव ऐकलं आणि मी प्लेट घेऊन पुढे सरकले. माझाच खेळ.

“पण आता मजा गेली,” ते म्हणाले. “सगळ्यात वरच्या लेव्हलला ठेवलं तरी सोपा पडतो.”

“मलाही सोपाच पडतो,” मी म्हणाले.

ते वळले. क्षणभर त्यांचा चेहरा कोरा होता, मग तेच जुनं हसू आलं. “वहिनी! तुम्ही खेळता? मग समोरासमोर होऊन जाऊ दे की एकदा.”

“या शुक्रवारी,” मी म्हणाले. नवरा माझ्याकडे बघतच राहिला.

शुक्रवारी सकाळी ते लॅपटॉप घेऊन आले. जेवणाच्या टेबलाच्या दोन टोकांना आम्ही बसलो. सुरुवातीलाच त्यांनी माझ्या राजकन्येसाठी स्थळ पाठवलं. सोयरीक झाली म्हणजे तह झाला. मी निश्चिंत होऊन सैन्य दक्षिणेकडे नेलं. पाठ वळताच ते माझ्या राजधानीत होते.

“गेममध्ये चालतं हो, वहिनी,” ते हसत म्हणाले.

रागाने रडू येईल असं वाटलं, आणि त्याच वेळी अंगात असा उत्साह आला की कित्येक महिन्यांत आला नव्हता. हा खरा माणूस होता. सीमेवर सैन्य जमवून दाखवल्याशिवाय चालून येणारा. माझ्या हातांनी गुण देऊन केलेला राजा याच्यापुढे बाहुला होता.

“पुढच्या शुक्रवारी परत,” मी म्हणाले.

तो आठवडा मी खेळले नाही, नुसती साहेबांना आठवत बसले. इतकी वर्षं शेजारी बसून काम केलं होतं, ते फुकट जाऊ द्यायचं नव्हतं. स्वतः ‘ठीक आहे’ म्हटलेली गोष्ट ते पुन्हा कधी तपासत नाहीत. कौतुक झालं की घाई करतात. आणि लहान माणसांकडे त्यांचं लक्ष नसतं.

दुसऱ्या डावात मी पुन्हा त्यांच्याशी सोयरीक केली. त्यांनी एक गढी घेतली की मी म्हणायचे, “साहेब, हे मला सुचलंच नसतं.” सीमेवरचा एक किल्ला मी मुद्दाम ओसाड ठेवला. आजूबाजूला तीन फुटकळ राजे होते, ज्यांच्याकडे साहेबांनी ढुंकूनही पाहिलं नाही. त्यांना मी धान्य पाठवत राहिले, त्यांच्या भांडणात मदत करत राहिले. मला वाटलं होतं तसंच साहेबांनी तह मोडला. थेट त्या ओसाड किल्ल्यावर आले, राजा स्वतः पुढे. वेढा पडताच ते तिघे मागून उतरले. शब्द मोडला म्हणून साहेबांचे सरदारही फिरले. त्यांचा राजा माझ्या हाती जिवंत सापडला.

“वा!” ते म्हणाले. “बरं, खंडणी सांगा आणि सोडा.”

“नाही सोडणार.”

“म्हणजे?”

“कोठडीतच राहू दे.”

कैदेतल्या राजाला काही करता येत नाही. घड्याळ चालू राहतं, वर्षं उलटतात, राज्य विस्कटत जातं, आणि खेळणाऱ्याने नुसतं बघत बसायचं. साहेबांनी आणखी सोनं देऊ केलं. मुलगा ओलीस देऊ केला. मी प्रत्येक वेळी नकाराचं बटण दाबलं. दाबताना मला फार सुख होत होतं, ते मी लपवत नाही.

“तुम्ही फारच मनावर घेता बुवा,” ते म्हणाले. आवाजातलं हसू गेलं होतं.

“मी तुम्हाला सांगितलं होतं, साहेब.”

“खाबुऱ्याचं म्हणताय?”

मी गावाचं नाव घेतलं नव्हतं. फरशीचं नाही, पावसाचं नाही. नवरा चहाचे कप घेऊन दारात उभा होता, तो तिथेच थांबला. साहेबांनाही कळलं काय झालं ते. त्यांचे कान लाल झाले.

“तेव्हा कुणीतरी एक जाणारच होता, वहिनी,” ते हळू म्हणाले. “माझी धाकटी मुलगी बारावीला होती. व्हिसा गेला असता तर सगळंच...”

“माझीपण मुलगी होती.”

“तुमच्या मागे नवऱ्याची नोकरी होती.”

“म्हणून खोटं बोललात?”

लॅपटॉप मिटायला त्यांनी हात घातला.

“मिटू नका,” मी म्हणाले. “तुमचा राजा अजून जिवंत आहे. बसा. चहा घ्या.”

का कोण जाणे, ते बसले. मी घड्याळाचा वेग वाढवला नाही. चहा थंड झाला. त्यांचा राजा म्हातारा झाला, आजारी पडला, आणि एका सूचनेच्या छोट्याशा चौकटीत मेला. तेव्हा ते उठले, माझ्या नवऱ्याला “येतो” म्हणाले आणि गेले.

“जरा जास्तच झालं,” नवरा म्हणाला.

“झालं,” मी म्हटलं, आणि त्या दिवशी कितीतरी दिवसांनी श्रीखंडाचा चक्का टांगला. आठवडाभर मी घरात गुणगुणत होते.

ते गुणगुणणं ओसरल्यावर मी पुन्हा कॉम्प्युटरशी खेळायला बसले आणि दुपारच्या आत जिंकले. दुसऱ्या दिवशीही जिंकले. कुठलंही नवं बंधन घातलं तरी समोर माणूस नव्हता.

काही आठवड्यांनी नवऱ्याचा सूरहून फोन आला. “साहेबांनी मला फोन केला होता. विचारत होते, वहिनी परत खेळतील का? इतर कुणाशी मजा येत नाही म्हणतात. आणि अर्बाबला जाऊन भेटलो म्हणाले. खरं काय ते सांगितलं.”

“अर्बाब काय म्हणाला?”

“ते त्यांनी सांगितलं नाही. मी विचारलंही नाही. काय कळवू?”

अर्बाबला त्यांनी खरंच सांगितलं होतं, का मला भुलवायला ही नवी सोयरीक पाठवली होती, ते मला ठरवता येईना. तेच मला आवडलं.

“या म्हणावं शुक्रवारी,” मी म्हणाले. “आणि हेही सांग, मी माफ केलेलं नाही.”

“ते त्यांना माहीत असेल.”

“तरी सांग.”