एक बोट उखानानांचं

उखानाना लग्नाचा स्वयंपाक करायचे आणि मजुरी म्हणून एक बोट कुंकू मागायचे. माझ्या लग्नात माझ्याकडेही त्यांनी तेच मागितलं. मी कोरीट गावची लेक, वरातीच्या गाडीत हाडं खिळखिळी होऊन सासरच्या दारात उतरले होते. पदर नाकापर्यंत आणि पोटात कावळे ओरडताहेत अशी अवस्था. तेवढ्यात पिवळाजर्द फेटा बांधलेला एक काटकुळा म्हातारा हातात पत्रावळ घेऊन आला. पत्रावळीवर तुपात बुडवलेली बट्टी. सगळे मानपान बाजूला ठेवून आधी नवरीला खायला घालणारा माणूस मी तोवर पाहिला नव्हता. मी दोन घास खाल्ल्यावर ते वाकून हळूच म्हणाले, "पोरी, तुन्हा लगीनना सैपाक मी कया. मजुरी माले नको. मी मरी गऊ का आखाजीले उंबरावर मन्हा नावनं एक बोट वढजो. पन कोनले सांगू नको, लोक माले हासतीन." मी मान डोलावून कबूल केलं.

आमच्या खानदेशात आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, पितरांच्या नावाने घागर भरतात. नवी घागर, तिच्यावर खरबूज, खरबुजाशेजारी गुळाची सांजोरी. घरातला कर्ता पुरुष सकाळी उंबरठ्यापाशी बसतो, एकेका पितराचं नाव मोठ्याने घेतो आणि प्रत्येक नावाला कुंकवाचं एक बोट उंबरठ्यावर ओढतो. ज्याचं नाव घेतलं तो त्या दिवशी घरी येऊन जेवतो, अशी आमची समजूत. ज्याचं नाव घ्यायला मागे कोणी उरलेलं नाही, तो कुठे जेवतो हे मात्र कोणी सांगत नाही.

नानांच्या मागे कोणी नव्हतं. बायको प्लेगात गेली, मूलबाळ झालेलं नव्हतं, भाऊबंद कुठे होते त्यांचे त्यांनाच ठाऊक. पुन्हा लग्न करा म्हणून गल्लीने डोकं खाल्लं, पण ते काही बधले नाहीत. गावाबाहेर वांग्यांचा एक तुकडा होता, त्यावर आणि लोकांच्या लग्नांतल्या जेवणांवर त्यांचं झकास चालायचं. सासूबाईंनी एकदा त्यांना विचारलंच, नाना, एकट्याने कंटाळा नाही का येत? तर म्हणाले, "बाकीनं सगळं मी मन्हं करी लिसू. उंबरावर बोट वढाले मातर दुसराच लागस." हसत हसतच म्हणाले, पण त्या दिवशी दोनदा दिलेला चहा त्यांनी तसाच निवू दिला. मला तेव्हा फार वाईट वाटलं होतं. मी मनात म्हटलं, नाना, माझ्या उंबऱ्यावर तुमचं बोट पक्कं.

नावावरून कोणी चिडवलं तर त्यांना आनंदच व्हायचा. त्यांच्या आधीची भावंडं जगली नाहीत, म्हणून आईने त्यांना जन्मल्या जन्मल्या उकिरड्यावर ठेवलं, परत उचललं आणि नाव ठेवलं उखा. "मायनी माले उखर्डावर ठेवं आनि परत उचली लिधं. यमले आजूनबी वास येस, तो जवय येत नही," असं ते चारचौघांत सांगायचे आणि उलथनं मांडीवर आपटून हसायचे. ते उलथनं हातभर लांब होतं. फेटा ते प्रत्येक लग्नात उरलेल्या हळदीच्या पाण्यातून काढायचे, त्यामुळे मैलावरून नाना ओळखू यायचे. बट्टी भाजली गेली की नाही हे ते कानाशी धरून, टिचकी मारून ठरवत. पंगतीत दोन व्याही भांडायला लागले की नाना आधी वाढप्यांना दामटायचे आणि म्हणायचे, "उपाशी मानूस कायदा बोलस. त्याले आधी वाढा." माझे सासरे कायद्याचे फार भोक्ते, त्यामुळे आमच्या घरात हे वाक्य रोज एकदा तरी निघायचं.

मामंजी गावच्या मुन्शिपाल्टीत मेंबर होते. दुसरं महायुद्ध अजून सुरू झालेलं नव्हतं तेव्हाची गोष्ट. निवडणुकीचे वार्ड नंबरांनी ओळखले जायचे आणि निम्म्या लोकांना आपला नंबर आठवायचा नाही. मतदानाला एका वार्डातले लोक दुसऱ्या वार्डात जाऊन भांडत बसायचे. तेव्हा मुन्शिपाल्टीने ठराव केला की वार्डांना गावातल्याच नामांकित माणसांची नावं द्यावीत. अट एवढीच की तो माणूस हयात नसावा, आणि वार्डातल्या लोकांनी एकमताने एकच नाव आखाजीनंतर कळवावं. बाकीच्या वार्डांना कोणाला कीर्तनकार सापडला, कोणाला पैलवान. आमचा वार्ड नंबर तीन. त्यात मामंजींना त्यांच्या वडिलांचं नाव हवं होतं, कारण नदीचा रस्ता त्यांनी कोर्टात भांडून सोडवला होता. समोर राहणाऱ्या जिनवाल्या शेठजींना त्यांच्या वडिलांचं हवं होतं, कारण गावात कापसातली सरकी काढायचं पहिलं जिन त्यांनी आणलं. झालं! दोघांचं बोलणं बंद. त्यांचं बंद म्हणून आम्हा बायकांनीही एकमेकींकडे विरजण मागायचं बंद केलं. मला तर शेठाणीच्या हातचं लोणचं फार आवडायचं, पण करता काय.

नाना या भांडणाची भरपूर मजा घ्यायचे. दोन्ही घरी जाऊन दोघांच्या वडिलांची तोंडभरून तारीफ करायचे आणि दोन्हीकडे चहा प्यायचे. एकदा मात्र आमच्या ओट्यावर बसून चहाही नको म्हणाले. मग मामंजींना म्हणाले, वार्डाला नाव म्हणजे मोठीच गोष्ट, मेलेल्या माणसाचं नाव सगळ्या गावाने घ्यायचं, आखाजीची वाटसुद्धा बघावी लागत नाही. एवढं बोलून ते लगेच उठले आणि खांडबाऱ्याला एका व्यापाऱ्याच्या घरचं लग्न आहे म्हणून गाडीच्या वेळेला स्टेशनाकडे चालू लागले.

आखाजीच्या आदल्या दिवशी आमच्या गल्लीतला रतन गाडीवान खांडबाऱ्याच्या बाजारातून परत आला तो थेट ओट्यावर बसून रडायलाच लागला. त्याने बाजारात एक प्रेतयात्रा पाहिली होती. लोक सांगत होते की लग्नाला आलेला म्हातारा आचारी उन्हाने गेला. प्रेताच्या डोक्याला पिवळाजर्द फेटा होता. रतनने दुरूनच हात जोडले, आणि बैल पळवत गाव गाठलं. त्या फेट्यापुढे आणखी विचारायचं काय राहिलं? बातमी गल्लीत दारोदार पोचली. मला चूल पेटवावीशी वाटेना. सासूबाई म्हणाल्या, त्याला ना दहावा, ना तेरावा, करणार कोण? पण उद्या आखाजी आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळी मामंजी उंबरठ्यापाशी बसले. मी आत पाण्याचा तांब्या घेऊन उभी होते आणि त्यांना नानांचं कसं सांगावं याचा विचार करत होते, कारण वचन मी दिलं होतं आणि बोट ओढणारे ते. त्यांनी आजोबांचं नाव घेतलं, वडिलांचं घेतलं, आणखी दोन-चार घेतली. मग कुंकवात पुन्हा बोट बुडवलं आणि कोणी न सांगता म्हणाले, "उखानाना." बोट ओढलं. मी बघतच राहिले. नंतर कळलं की मामंजींच्या लग्नाचा स्वयंपाकही नानांचाच होता आणि त्यांच्याकडूनही 'कोनले सांगू नको' म्हणून वचन घेतलेलं होतं. मी तांब्या घेऊन ओट्यावर आले तर शेजारच्या दारातून तेच नाव ऐकू आलं. पलीकडच्या दारातून तेच. रतनच्या झोपडीला उंबरठा म्हणून एक दगड होता, त्या दगडावर बोट ओढून तोही तेच नाव घेत होता. समोर शेठजींच्या घरी आमच्यासारखी आखाजी नसायची, तरी शेठजी उंबरठ्यापाशी बसले होते आणि बोट कसं ओढायचं ते शेठाणी त्यांना मोलकरणीला विचारून विचारून सांगत होत्या. अहो, या माणसाने अख्ख्या गल्लीला एकेकटं गाठून बांधून ठेवलं होतं!

मी हसू की रडू अशा अवस्थेत गल्लीच्या तोंडाकडे पाहिलं, आणि हातातला तांब्या खाली पडला. तिथे नाना उभे होते. बोडके, खांद्यावर उलथनं, धोतराला धूळ. ते एकेका दारापुढे थांबत होते, ऐकत होते आणि पुढे सरकत होते. सगळ्यांच्या माना उंबरठ्याकडे खाली, म्हणून मी सोडून कोणी त्यांना पाहिलं नाही. तांब्याचा आवाज झाला तशा माना वर झाल्या. शेठजींचं बोट उंबरठ्यावर अर्ध्यातच राहिलं होतं. नाना त्यांना म्हणाले, "चालू ऱ्हाऊ द्या शेठ. आर्ध्यामा थांबू नका."

खांडबाऱ्याला गेला तो त्यांचा जुना जोडीदार होता, दोघे एकाच उस्तादाच्या हाताखाली शिकलेले. त्याच्या डोक्याला बांधायला ऐनवेळी धड कापड मिळेना, म्हणून नानांनी आपला फेटा काढून त्याला बांधला, खांदा दिला आणि सगळं उरकून ते घरी आले. हे सांगून होतंय तोच सासूबाई ओला फडका घेऊन धावल्या, जित्या माणसाचं नाव पितरांत राहिलं तर अपशकुन व्हायचा. नानांनी दोन्ही हात पसरून उंबरठा अडवला. डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं आणि तोंडभर हसत होते. "पुसू नका वं बहीन. वढेल शे ते ऱ्हाऊ द्या. मी ऐकी लिधं ना."

मग सुरू झाली खरी आखाजी. नाना म्हणाले, घागर माझ्या नावाची आहे, तर खरबूज माझं. ते घरोघर गेले आणि प्रत्येक घरी स्वतःच्या नावाची सांजोरी खाल्ली. इतर पितर मुकाट्याने जेवून जातात, हे पितर चुका काढत होते. एकीचं तूप जळलं होतं, एकीचा सांजा कच्चा होता. माझी सांजोरी खाऊन म्हणाले, "पोरी, गूय कमी शे. मेल्यावर तरी गोड खावाले दे." सगळी गल्ली त्यांच्या मागे मागे फिरत होती. शेठाणीने त्या गर्दीत मला लोणच्याची वाटी दिली, आणि मी ती घेतली.

संध्याकाळी पारावर वार्डाच्या नावाची बैठक होती. पुन्हा जुंपणार म्हणून आम्ही बायका ओट्यावर कान लावून बसलो होतो. पण मामंजी उभे राहिले आणि म्हणाले, "मन्हा बापनं नाव घेवाले मी शे, मन्हा पोर शे. नानाले कोन शे? आपुनच ना?" शेठजींनी मान हलवली आणि स्वतःच्या वडिलांचं नाव मागे घेतलं. माझे सासरे हट्टी, तापट, कायद्याचा कीस काढणारे. पण त्या दिवशी मला त्यांचा असा अभिमान वाटला की रात्री त्यांच्या ताटात मी न मागता दुप्पट तूप वाढलं.

अडचण एकच होती, नाना जिवंत होते. मुन्शिपाल्टीत मामंजींनी भांडून पाहिलं की सबंध वार्डाने ज्याच्या नावाची घागर भरली, तो कायद्याने मयतच धरला पाहिजे. अध्यक्षांनी शेवटी नानांनाच बोलावून विचारलं, हा काय प्रकार आहे? नाना हात जोडून म्हणाले, "सायेब, मी आखाजीले मरेल शे. पन जेवाले उठनू." सभा म्हणे पोट धरधरून हसली. ठराव असा झाला की नाव उखानानांचंच, पण ते राखून ठेवावं, आणि तोवर वार्डाला तीन नंबरच म्हणावं. नानांनी तेही मान्य केलं. म्हणाले, "राखी ठेवा. माले घाई नही."

तेव्हापासून गावातल्या साऱ्या वार्डांना भारदस्त नावं आणि आमचा आपला तीन नंबर. दुसऱ्या वार्डातले लोक आम्हाला बिननावाचे म्हणून चिडवायचे. आम्ही म्हणायचो, आमचं नाव अजून जेवतंय. उमेदवार मतं मागायला आला की आधी नानांची तब्येत विचारायचा, न विचारणाऱ्याची आमच्या गल्लीत धडगत नसे. मतदानाच्या दिवशी नाना नवा पिवळा फेटा बांधून पहिल्या रांगेत. साहेबाने वार्ड कोणता म्हणून विचारलं की छाती काढून ओरडायचे, "तीन!" आणि मागची सगळी रांग हसायची. कितीतरी वर्षं आम्ही तो आकडा असा मिरवला.

स्वातंत्र्य येण्याच्या थोडं आधी, एका लग्नाच्या चुलाण्यापाशी नाना गेले. डाळीची चव घेतली, मीठ बरोबर आहे म्हणाले, गव्हाच्या पोत्याला टेकले आणि डोळे मिटले. लोकांना वाटलं डुलकी लागली. पंगत उठेपर्यंत कोणी त्यांना उठवलं नाही.

वार्डाच्या पाटीवर नानांचं नाव रंगवायला माणूस आला तेव्हा मामंजी खुर्ची टाकून समोर बसले होते. त्याने 'तीन' खरवडायला घेतलं आणि मामंजी उठून घरात निघून आले.

त्या साली आखाजीला गल्लीतल्या प्रत्येक उंबरठ्यावर नानांचं बोट ओढलं गेलं, आणि नाव घेऊन झाल्यावर प्रत्येकाने मान वर करून एकदा गल्लीच्या तोंडाकडे पाहिलं. सांजोरी माझ्या हातची होती. तिच्यात मी मुद्दाम गूळ कमी घातला होता, आणि दुपार टळेपर्यंत दारातून हलले नाही.