सुगराबीची करंगळी

धरणगावच्या चार शिंप्यांचं काज-बटणाचं काम सुगराबी करायची. फरशीवर मांडी घालून, सकाळी आठपासून दिवेलागणीपर्यंत. नवरा गेल्यापासून एकोणीस वर्षं हेच.

मांडीत डावा पाय खाली यायचा. त्याच्या करंगळीच्या मुळाशी, बाहेरच्या अंगाला गाठ आली. तिला वाटलं कुरूप असेल. बिब्बा घातला, ब्लेडनं तासलं. गाठ वाढतच गेली, करंगळी आत वळली. १९८९च्या पावसाळ्यात तर पायात चप्पलही घालवेना.

"हे बोटच कापून घेते," ती म्हणाली, तशी मुलगी नसीम घाबरली. दुसऱ्याच दिवशी तिनं आईला एसटीनं जळगावला हाडांच्या डॉक्टरांकडे नेलं.

डॉक्टरांनी फोटो काढला. "बोट चांगलं आहे, मावशी. त्याच्या मागचं हाड बाहेर झुकलंय. तुम्ही कामाला बसता कशा?"

सुगराबीनं तिथंच फरशीवर बसून दाखवलं. डॉक्टर वाकून बघत राहिले.

"सगळा दाब याच हाडावर येतोय. ते कापून थोडं आत सरकवू, तारेनं धरून ठेवू. दीड महिना पाय टेकायचा नाही."

कमरेत सुई देऊन ऑपरेशन झालं. दुखलं नाही, पण हाड कापल्याचा आवाज तिला ऐकू आला. ती डोळे मिटून पडून राहिली.

घरी आल्यावर रुपचंद शिंपी भेटायला आले, रिकाम्या हातानं.

"सदरे कुठं आहेत, भाऊ?"

"अक्का, आराम करा की."

"पाय उशीवर आहे. हात मोकळेच आहेत."

संध्याकाळी त्यांनी गठ्ठा पाठवून दिला.

दीड महिन्यानं तार काढली. डॉक्टर म्हणाले, "आता मांडी घालायची नाही."

"आणि नमाजाला बसले तर?"

"तेवढा वेळ चालेल. दिवसभर नको."

ऑपरेशनपेक्षा हेच अवघड गेलं. खुर्चीवर बसून हात ठरेना, काजं तिरकी यायची. पहिल्या दिवशी तिनं अकरा काजं उसवली. मग पायाखाली पाट घेतला, कापड गुडघ्यावर ताणून धरायला शिकली. दिवाळीच्या गर्दीपर्यंत हात बसला.

करंगळी थोडी ताठ राहिली, जमिनीला नीट टेकत नाही. पण दुखत नाही. पुढं नऊ वर्षं, डोळे साथ देत होते तोवर, सुगराबीनं काजं केली.