आबांचं भाषण आणि शैलाचा दिवा

शैला पहिल्यांदा आमच्या दारात आली ती मिक्सर मागायला. ती बारामतीत शेजारी नव्यानंच राहायला आलेली, माझ्याच कॉलेजात रसायनशास्त्र शिकवणारी. चटणी करायची असेल म्हणून मी भांडं दिलं. संध्याकाळी ते परत आलं, आतून काळंकुळीट. "बाई, घासून घासून दमले. ह्यात आता चटणी न्हाय करायची बरं का," असं म्हणून तिनं माझ्या हातात नवंकोरं भांडं ठेवलं.

मुलांनो, तिनं त्यात पेन्सिलीतलं ग्राफाइट, पाणी आणि भांड्यांचा साबण घालून फिरवलं होतं. कशासाठी, ते तिनं माझ्याच ओट्यावर पापडांचा डबा उघडून समजावलं. "ही पापडांची चळत म्हंजी ग्राफाइट. साबणाच्या पाण्यात घुसळलं की पापड सुटं व्हत्यात. एक सुटा पापड म्हंजी ग्राफीन. विजेला बसायला जागाच जागा!"

ती निमगाव केतकीची. पीएचडी झाली तरी तिनं बोली बदलली नाही, वर्गातही नाही. "अणूला कुठं शुद्ध मराठी कळतं?" असं विचारायची.

कापडाच्या पट्ट्यांना ग्राफीनचा लेप दिला की ते तिचे इलेक्ट्रोड. दोन पट्ट्या, मध्ये मिठाच्या पाण्यात भिजवलेला कागद, आणि झाली वीज साठवायची डबी. ती क्षणात भरायची आणि रिकामीही लवकर व्हायची. हा दोष शैला लेकराच्या खोडीसारखा सांगे, "जरा उधळी हाय, दुसरं काय न्हाय."

हे सगळं चाले स्टाफरूमच्या कोपऱ्यात. सगळ्यांचे जेवणाचे डबे काळे होऊ लागले, तेव्हा प्राचार्यांनी बजावलं: स्वतंत्र खोली मिळवा, नाहीतर हा उद्योग बंद. मैदानापलीकडे एक खोली वर्षानुवर्षं बंद होती. शैला संस्थेच्या अध्यक्षांकडे, म्हणजे आबांकडे गेली. आबा म्हणाले, "खंडेनवमीला माझं भाषण हाय. ते संपेस्तवर तुझ्या डब्यांवर दिवा जळला, तर खोली तुझी."

शैला हो म्हणून मोकळी झाली. आम्ही सगळे हादरलो. आबा एकदा बोलू लागले की समोरच्या रानातल्या उसाला तुरा येई.

"अगं, हो कशाला म्हणालीस?"

"बाई, माझं तोंड बी झटक्यात चार्ज व्हतं."

खंडेनवमीला यंत्रांची पूजा. मारुती शिपायानं सूक्ष्मदर्शकापासून शिट्टीपर्यंत सगळं मंचावर मांडलं, नारळ फोडला आणि त्याचं पाणी सढळ हातानं शैलाच्या तीन डब्यांवरही शिंपडलं.

"मारुती, आरं काय केलंस!"

"यंत्रच हाय न्हवं मॅडम? मग ह्या डब्यास्नीच तेवढं वगळायचं व्हय?"

शैलानं डब्या पुसल्या. "बाई, एकीला तीर्थ जास्त झालं," ती माझ्या कानात पुटपुटली.

आबा उभे राहिले. दिवा लागला. आबा सहकारातून ठिबक सिंचनाकडे वळले, तसा तो मंदावला. शैलाच्या हाताखाली शिकणाऱ्या मुली नखं खाऊ लागल्या. दिवा लुकलुकू लागला तेव्हा शैला उठली आणि तांब्याभांडं घेऊन थेट मंचावर गेली.

"आबा, घसा सुकला आसंल. पाणी घ्या."

आबा थांबले, पाणी प्याले. तेवढ्यात तिनं शेजारीच ठेवलेल्या चार्जरच्या तारा डब्यांना टेकवल्या. आबांनी भांडं खाली ठेवलं, तर दिवा लख्ख!

"ही लबाडी झाली," आबा माइकवरच म्हणाले.

"लबाडी कशी? तुमी पाण्यावर बोलणार, माझ्या डबीनं उपाशी जळायचं? हेच तर दाखवायचं हुतं, आबा. तुमचा घोट संपंस्तवर तिचं पोट भरतंय."

सभा खो खो हसली. आबाही हसले, आणि पुढचं बोलणं त्यांना आठवेचना. भाषण तिथंच संपलं. दिवा जळत होता.

"बरं, मिळंल खोली," आबा म्हणाले. "दिवाळीनंतर ठराव मांडू, सह्या घेऊ, मग किल्ली शोधू."

"किल्ली शोधायची हाय?" म्हणत शैलानं मारुतीचा नारळ फोडायचा दगड उचलला आणि मैदान ओलांडलं. मागून सगळी सभा. दोन घावांत कुलूप खाली.

"पोरी, ठराव तरी होऊ दे!" आबा धापा टाकत ओरडले.

"तुमी करा की सावकाश. मी तवर झाडून घेती."

मागच्या वर्षी शैला अचानक गेली. त्या खोलीत मुली अजून काळ्या हातांनी काम करत असतात. दाराला कुणी कुलूप लावत नाही. ठराव मात्र अजून व्हायचाच आहे.